व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड साहिब : किती दिवस काढावेत?

रानवाटा

पावसाळा जवळ आला की इथे हा प्रश्न येतोच: जोडून चार दिवस सुट्टी मिळतेय, व्हॅली आणि हेमकुंड दोन्ही होईल का? जमलं तर बद्रीनाथही? उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरली जातात, म्हणून उत्तराखंडातली ही फुलांची घाटी आणि तिच्या शेजारचं शिखांचं हेमकुंड तीर्थ, दोन्हींबद्दल सगळं एका जागी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. हरिद्वार ते हरिद्वार सात दिवस आणि वर एक राखीव दिवस, एवढी रजा नसेल तर घाई करू नका, पुढच्या वर्षी जा.

हिशेब असा आहे. ऋषिकेश ते गोविंदघाट साधारण २७० किलोमीटर, पण डोंगरातले. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पीपलकोटी, जोशीमठ असा अलकनंदेच्या काठाकाठाने रस्ता जातो. पहाटे निघालं तरी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. दुसऱ्या दिवशी गोविंदघाटहून शेअर जीपने ४ किलोमीटरवरचं पुलना गाठायचं आणि तिथून घांघरियापर्यंत साधारण १० किलोमीटर चालायचं. तिसऱ्या दिवशी घाटी (म्हणजे व्हॅली), चौथ्या दिवशी हेमकुंड, पाचव्या दिवशी पुन्हा घाटी. सहाव्या दिवशी उतरून बद्रीनाथ, सातव्या दिवशी परत. राखीव दिवस दरडींसाठी. तो वापरावा लागला नाही तर बद्रीनाथजवळचं माणा गाव बघा.

आधी घाटी आणि मग हेमकुंड, हा क्रम शक्यतो बदलू नका. घांघरिया ३०५० मीटरच्या आसपास आहे. घाटीत तुम्ही त्याच्या वर चार-पाचशे मीटरच चढता. हेमकुंड ४३०० मीटरच्या वर आहे आणि ही सगळी उंची ६ किलोमीटरच्या एकाच चढात घ्यावी लागते. एक दिवस घाटीत फिरलेलं शरीर दुसऱ्या दिवशी तो चढ बरा सोसतं. घांघरिया सोडल्यावर थोड्याच अंतरावर वाट फुटते, डावीकडे घाटी आणि उजवीकडे हेमकुंड. तिथे उभं राहून ठरवू नका, आदल्या रात्री ठरवा.

आता पाचव्या दिवशी पुन्हा घाटी कशाला, हे हमखास विचारलं जातं. घाटीत मुक्काम करता येत नाही. वनखात्याची चौकी सकाळी ७ च्या सुमारास उघडते, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी ५ पर्यंत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. चौकीपासून आधी जंगल, मग पुष्पावती नदीचा पूल, मग भूर्जाच्या झाडीतून दमवणारा चढ. झाडी संपते आणि डोंगर एकदम मोकळे होतात, तोवर दोन तास गेलेले असतात. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात, अजून थोडं पुढे जातात आणि घड्याळ बघून मागे फिरतात. त्यातून त्या दिवशी ढग खाली उतरलेले असले तर समोरचं रताबन शिखर सोडाच, पलीकडचा उतारही दिसत नाही. ऑगस्टमध्ये असे दिवस पुष्कळ. इतक्या लांबून जाऊन घाटी एकाच दिवसाच्या हवामानावर सोडणं मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी वाट ओळखीची असते, दमसास सुधारलेला असतो. मग नदीकाठापर्यंत जाता येतं आणि वाटेत बसता येतं. घाटी बसून बघायची गोष्ट आहे. लोक फोटोतला गुलाबी गालिचा शोधत येतात. तो काही उतारांवर असतोही. पण पाय दुमडून वाटेच्या कडेला बसलात तर हातभर जागेत दहा-बारा प्रकारची फुलं मोजता येतील: निळेजांभळे जिरेनियम, पिवळ्या-लाल पोटेंटिला, सोंडेसारखा वळलेला पेडिक्युलॅरिस, कागदी पांढरे अ‍ॅनाफॅलिस. ओढ्यांच्या गोट्यांमध्ये एपिलोबियमचे गडद गुलाबी झुपके. निळी पॉपी मात्र शोधावी लागते, ती खडकांच्या आडोशाला एकेकटी उभी असते. पाकळी इतकी पातळ की मागचा उजेड आरपार येतो. ती दिसल्यावर लगेच पुढे निघायचं मन होत नाही, आणि त्यासाठीच वेळ हवा.

घाटीत बऱ्यापैकी आत जोन मार्गारेट लेग यांची कबर आहे. गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना भ्यूंडार खिंडीतून या बाजूला उतरले आणि बाहेरच्या जगाला या जागेचं नाव कळलं. त्यानंतर लेग १९३९ साली इथल्या वनस्पती गोळा करायला आल्या आणि जुलैमध्ये कड्यावरून घसरून गेल्या. त्यांच्या बहिणीने नंतर तिथे दगड बसवला. स्माइथने घाटी शोधली असं सर्रास लिहिलं जातं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वाटेवरच्या भ्यूंडार गावचे लोक उन्हाळ्यात तिथे गुरं-मेंढरं घेऊन जात होते.

महिन्यांचं गणित: जूनमध्ये बर्फाचे पट्टे आणि प्रिम्युलासारखी लवकर येणारी फुलं. मधल्या जुलैपासून मधल्या ऑगस्टपर्यंत ऐन बहर, आणि पाऊसही ऐन. सप्टेंबरमध्ये घाटी पिवळी-तांबूस होऊ लागते, आकाश मात्र उघडतं. राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. हेमकुंडचे दरवाजे मेअखेरीच्या सुमारास उघडतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात.

सामानाबद्दल थोडक्यात: घोट्यापर्यंतचे पकड असलेले बूट, पोंचो, सॅकच्या आत सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत, काठी, रोख पैसे. जोशीमठनंतर एटीएमवर विसंबू नका.

केतकी_म

रानवाटा दादा, फार उपयोगी. वाचनखूण साठवली. आमचा विचार आईबाबांना घेऊन जायचा आहे. बाबा ७० चे, रोज पर्वती चढतात. आई ६६ ची, एका गुडघ्याचं दुखणं आहे, पण इच्छा तिचीच जास्त. तिला हेमकुंडला डोकं टेकवायचं आहे आणि ब्रह्मकमळ बघायचं आहे. घोडा करावा का? व्हॅलीत घोडे जातात का?

रानवाटा

केतकीताई, पुलना ते घांघरिया आणि घांघरिया ते हेमकुंड दोन्हीकडे खेचर मिळतं. घाटीत खेचरांना बंदी आहे. तिथे कंडी मिळते, म्हणजे पाठीवरच्या वेताच्या टोपलीत माणूस बसतो आणि नेपाळी किंवा गढवाली भाऊ ती वाहून नेतात. आईंना चढताना खेचर घ्या, उतरताना शक्यतो नको. ओल्या दगडी वाटेवर उतरणीला खेचराचा पाय सरकतो आणि वरच्या माणसाचा तोल पुढे जातो. पण गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो हेही आहे. म्हणून हेमकुंडहून उतरायला कंडी किंवा दंडी (चार जण खांद्यावर नेतात ती पालखी) सांगून ठेवा, दोन काठ्या आणि नी-कॅप असू द्या. दर काउंटरवर लावलेले असतात, तिथूनच पावती घ्या. वाटेत भेटलेल्याशी तोंडी ठरवू नका.

ब्रह्मकमळ हेमकुंडच्या वाटेवर वरच्या भागात आणि तलावाच्या आजूबाजूला ऑगस्टमध्ये दिसतं. आईंना नक्की दिसेल.

स्टेथोस्कोप

मी डॉक्टर आहे आणि या वाटेवर गेलेली आहे, म्हणून उंचीबद्दल स्पष्ट लिहिते. केतकी, तुझ्या आईबाबांसाठी विशेष.

हेमकुंडच्या बाबतीत चांगली गोष्ट एकच, वर मुक्काम नसतो. चढून त्याच दिवशी ३०५० मीटरवर झोपायला येता, म्हणून बरेच जण निभावून जातात. पण चढताना डोकं ठणकणं, मळमळ, खाण्यावरची वासना जाणं हे होऊ शकतं. डोकेदुखी थोडी असेल तर थांबा, पाणी प्या, हळू चला. उलट्या सुरू झाल्या, चालताना झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर पुढे जायचं नाही, खाली उतरायचं. थोडा वेळ विश्रांती घेऊन बघू, असं करू नका. उतरणं हाच उपचार आहे. ऑक्सिजनचा छोटा डबा हा उतरण्याला पर्याय नाही.

खेचरावर बसून जाणाऱ्याला उंची लागत नाही, हा गैरसमज आहे. पाय दमत नाहीत इतकंच. उलट चालणारा आपोआप हळू चढतो आणि खेचर भराभर वर नेतं.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारलं जाईलच. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असं देतात. पण सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आईबाबांचं रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी निघण्याआधी महिनाभर करून घे, आदल्या आठवड्यात नको. काही निघालं तर औषध बदलून बघायला वेळ हवा. वर तलावात स्नान करायचं असेल तर बाबांना सांग, पटकन डुबकी आणि लगेच कोरडे कपडे. छातीचा त्रास असलेल्यांनी नुसतं पाणी डोळ्यांना लावावं.

शनिवारचा_ट्रेकर

माहिती छान, पण सात दिवसांचा आग्रह पटला नाही. नोकरी करणाऱ्यांना एवढी रजा मिळत नाही. विमानाने डेहराडून, तिथून गाडीने थेट गोविंदघाट, दुसऱ्या दिवशी घांघरिया, तिसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंड, चौथ्या दिवशी व्हॅली करून खाली. पाचव्या दिवशी डेहराडून. आमच्या ग्रुपने हे केलंय आणि सगळे ठणठणीत होते. सह्याद्रीत दर आठवड्याला चढणाऱ्यांना यात काही अवघड नाही.

रानवाटा

दादा, तुमच्या ग्रुपची तब्येत आणि सराव उत्तम असणार, त्याबद्दल शंका नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. सह्याद्रीतला सराव पायांना आणि दमाला उपयोगी पडतो. पण कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि गोविंदघाटच १८०० मीटरच्या वर. उंचीची सवय आपल्याकडे कुठेच होत नाही, आणि तंदुरुस्त माणसालाही उंची लागते.

दुसरं, पाच दिवसांच्या बेतात रस्त्याला जागाच नाही. रुद्रप्रयागच्या अलीकडे सिरोबगड, पीपलकोटीच्या पुढे पागल नाला, बद्रीनाथच्या बाजूला लामबगड ही नावं या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहेत. दरड आली की कधी तासाभरात रस्ता मोकळा होतो, कधी दुसऱ्या दिवशी. परतीचं विमान ठरलेलं असेल तर माणूस रात्री गाडी काढायला लावतो, अंधारात ड्रायव्हरला घाई करायला लावतो. धोका तिथे आहे.

स्टेथोस्कोप

पूर्ण सहमत. शिवाय त्या बेतात हेमकुंड आधी आहे. डेहराडूनच्या सखल भागातून निघाल्यावर चौथ्या नव्हे, तिसऱ्याच दिवशी ४३०० मीटर. जमून जातं, पण ज्याला नाही जमत त्याच्यासाठी पुढे काही सोय उरत नाही.

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नांदेडचा, शीख. घरी पंजाबी, बाहेर सगळा कारभार मराठीत. आमच्याकडून दरवर्षी जत्थे हेमकुंडला जातात. रानवाटांनी वाटेचं छान लिहिलंय, मी साहिबांबद्दल थोडं लिहितो, कारण मराठी मंडळी तिथे प्रेमाने येतात पण पुष्कळांना माहिती नसते.

दशम गुरू श्री गुरू गोबिंदसिंहजींनी बचित्तर नाटकात आपल्या पूर्वजन्माच्या तपस्येची जागा सांगितली आहे: हेमकुंट पर्वत, जिथे सात शिखरं शोभतात. ती जागा नेमकी कुठली, याचा शोध पुढे फार उशिरा लागला. एकोणिसाव्या शतकात पंडित तारासिंह नरोत्तम यांनी ती या बाजूला असल्याचं लिहिलं. भाई वीरसिंहांच्या लेखनातून संत सोहनसिंहांना प्रेरणा मिळाली. ते गढवालात शोधत फिरले आणि १९३४ मध्ये लोकपाल तलावापाशी, म्हणजे आजच्या हेमकुंडला पोचले. हवालदार मोदनसिंह त्यांना येऊन मिळाले. १९३६ मध्ये तिथे एक लहानशी खोली उभी राहिली आणि पुढच्या वर्षी गुरू ग्रंथसाहिबांचा प्रकाश झाला, म्हणजे ग्रंथाची स्थापना झाली. आज दिसते ती पंचकोनी, बर्फाचं ओझं पेलणाऱ्या उतरत्या छपराची इमारत नंतरची. तिच्या कामात लष्करातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. पत्रा, लोखंड, सिमेंट सगळं माणसांनी आणि खेचरांनी वर नेलं. वर गेल्यावर त्या छताकडे जरा वेळ बघा.

तलावाकाठी लक्ष्मणाचं मंदिरही आहे. भ्यूंडारचे लोक या जागेला लोकपाल म्हणून आधीपासून मानत आले. दोन्हीकडे भाविक जातात, तुम्हीही जा.

महाराष्ट्राशी नातं असं की ज्या गुरूंच्या पूर्वतपस्येची ही जागा, त्यांनी देह ठेवला तो आमच्या गोदाकाठी, १७०८ मध्ये. ग्रंथसाहिबांना गुरुगादी दिली तीही नांदेडलाच. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं आहेत. हेमकुंडला कीर्तन ऐकताना कधी नामदेवांचा शबद लागला तर मराठी माणसाने जरूर बसून ऐकावा.

आता व्यवहाराचं. घांघरियाला गुरुद्वारा आहे, त्याला गोबिंदधाम म्हणतात. राहायला मिळतं, लंगर (सगळ्यांसाठीचं मोफत जेवण) चोवीस तास नसला तरी उपाशी कोणी राहत नाही. पावसाळ्याच्या ऐन गर्दीत जागा दाटीवाटीची असते, म्हणून म्हातारी माणसं बरोबर असतील तर लॉज आधी बघून ठेवा. हेमकुंडला डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी हवी. बूट जोडाघरात. तंबाखू, सिगारेट, दारू वर न्यायचीच नाही, खिशात सुद्धा नाही. शेवटची अरदास (प्रार्थना) दुपारी १ च्या आसपास होते, त्यानंतर सगळ्यांना खाली सोडतात. म्हणून घांघरियाहून पहाटे ५ ला निघा. वर खिचडी आणि चहाचा लंगर असतो. ताटात घेतलेलं टाकू नका. तिथे शिजलेला प्रत्येक दाणा कोणाच्या तरी पाठीवरून आलेला आहे.

स्त्रियांसाठी स्नानाची बंदिस्त सोय आहे. केतकीताई, तुमच्या आईंना सांगा.

केतकी_म

गोदाकाठ दादा, आईला हे सगळं वाचून दाखवलं. नामदेवांच्या पदांचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, आता तर जायचंच. ती वारकरी घरातली आहे. मनापासून आभार.

बहावा

वनस्पतींबद्दल थोडी भर घालते. रानवाटांनी हातभर जागेतली फुलं बघायला सांगितलं ते अगदी योग्य. घाटीत सपुष्प वनस्पतींच्या पाचशेच्या घरात जाती नोंदल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच बोटाएवढ्याच आहेत.

ऑगस्टमध्ये उतारच्या उतार गुलाबी करणारं फूल म्हणजे हिमालयातला तेरडा. आपल्या कासच्या तेरड्याच्याच वंशातला, फक्त माणसाच्या छातीपर्यंत उंच. पिकलेल्या शेंगेला हात लावला की बी उडतं, तेही तसंच. मराठी माणसाला तिथे ओळखीचं वाटणारं हे पहिलं झाड.

दुसरी वनस्पती ओळखून ठेवा, स्थानिक लोक तिला अमेला म्हणतात. पॉलिगोनम कुळातली, पांढरट तुरे, रुंद पानं, दाट वाढणारी. ती जिथे पसरते तिथे लहान फुलांना ऊन मिळत नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यानंतर चराई बंद झाली. गुरं अमेला खात-तुडवत होती, ती थांबल्यावर ही वनस्पती वाढली, असं भ्यूंडारचे लोक सांगतात, आणि काही अभ्यासकांचंही तेच म्हणणं आहे. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की अमेला आधी दरडी कोसळलेल्या, खळबळलेल्या जागांवर येतो आणि अतिचराईने जमिनीचं नुकसान झालं होतंच. वनखातं दरवर्षी माणसं लावून तो उपटून काढतं. जुलैत गेलात तर हे काम चाललेलं दिसेल.

मला वाटतं दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ज्यांची कुरणं गेली त्यांना विचारात घेतल्याशिवाय घाटी राखता येणार नाही, याबद्दल मला शंका नाही. कासच्या पठारालाही कुंपण घातलं तेव्हा हाच वाद झाला होता: चराई थांबली की गवत माजतं का, आणि लहान फुलं दबतात का. २००५ मध्ये घाटीला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशाचा मान मिळाला. दोन्हीकडे प्रश्न तेच आहेत, आणि दोन्हीकडे गर्दी आपलीच आहे.

एक कळकळीची विनंती. ब्रह्मकमळ तोडू नका आणि विकत घेऊ नका. उत्तराखंडचं ते राज्यपुष्प आहे. ते रात्री उमलणारं घरच्या कुंडीतलं निवडुंग नव्हे, वेगळीच वनस्पती आहे. आपण फूल म्हणून जे कागदासारखं फिकट पिवळसर आवरण बघतो ती पानं असतात, आत जांभळी बारीक फुलं असतात. तोडलं की त्या वर्षीचं बी गेलं.

चिंचवडकर

उत्तम धागा. रोपवेबद्दल कोणीच बोललं नाही अजून. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड १२.४ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली, खर्च २,७३० कोटींच्या वर. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना आयुष्यात एकदा तिथे जायचंय आणि खेचरावर ते बसू शकत नाहीत. अशा माणसांसाठी हे फार मोठं काम होईल असं मला वाटतं. आपण चालू शकतो म्हणून इतरांनीही चालूनच यावं, हा आग्रह बरा नाही.

बहावा

तुमच्या वडिलांबद्दलची भावना समजते आणि तिला विरोध नाही. मला काळजी डोंगराची आहे. जून २०१३ मध्ये घांघरियाच्या वाटेकाठच्या लक्ष्मणगंगेच्या पुराने भ्यूंडार गाव वाहून नेलं, गोविंदघाटला गाड्या आणि इमारती गेल्या. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून गोविंदघाटचा अलकनंदेवरचा पूल तुटला आणि यात्रेआधी लोखंडी जोडणीचा बेली पूल उभारावा लागला. जोशीमठमध्ये जानेवारी २०२३ ला घरांना भेगा पडल्या तेव्हा सगळ्या देशाने बघितलं. त्या डोंगरात खांब रोवायचे आणि माणसांची संख्या वाढवायची, तर वर कचरा, मैला, पाणी यांची सोय आधी हवी. हेमकुंडला सपाट जागा तलावाकाठची तेवढीच आहे.

स्टेथोस्कोप

माझा मुद्दा वैद्यकीय आहे. आज प्रत्येकाला घांघरियाला एक रात्र काढावीच लागते आणि ती रात्र पुष्कळांना वाचवते. रोपवे झाल्यावर १८०० मीटरवरून थेट ४३०० मीटरवर ८१ वर्षांचा माणूस उतरेल तेव्हा तिथे काय सोय असेल? घांघरियाला मुक्काम सक्तीचा केला, वर तपासणी आणि उतरवण्याची व्यवस्था ठेवली, तर मी रोपवेला विरोध करणार नाही.

गोदाकाठ

संगतीतही, म्हणजे आमच्या शीख भाविकांतही, दोन्ही मतं आहेत. आमच्या घरात माझी आजी रोपवेची वाट बघतेय आणि वडील म्हणतात, चालत गेल्याशिवाय यात्रा कसली. मला खेचरवाले आणि कंडीवाले आठवतात. वर्षातले चारेक महिने त्यांची कमाई असते, आणि त्यावर भ्यूंडार, पुलना आणि आजूबाजूच्या गावांचं वर्ष निघतं. त्यांच्यासाठी काय ठरलंय हे आधी सांगावं, मग बांधावं. २०१३ नंतर वाट पुन्हा उभी करायला हीच माणसं होती.

चिंचवडकर

स्टेथोस्कोप ताई, घांघरियाच्या मुक्कामाची अट मला पूर्ण मान्य आहे. वडिलांना मी तसंही थेट वर नेलं नसतं. बहावा, गोदाकाठ, तुमचे मुद्दे लक्षात घेतले.

रानवाटा

रोपवेवर मी बहावांच्या बाजूचा आहे, पण चिंचवडकरांच्या वडिलांसारख्यांसाठी आजही एक मार्ग आहे. हंगामात हवामान ठीक असेल तर गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर चालतं. तिथे दोन रात्री राहून मग पुढे दंडीने, चार जण खांद्यावर उचलून नेतात. डॉक्टरांनी परवानगी दिली तरच.

कचऱ्याबद्दलही लिहितो. घांघरियाची वाट स्वच्छ ठेवण्याचं काम गावकऱ्यांची इको-विकास समिती करते, खेचरांची लीद उचलण्यापासून. आपल्या बाजूने इतकं तरी व्हावं की बिस्किटाची रिकामी पुडी सॅकमध्येच खाली यावी. घाटीत जेवणाचे डबे घेऊन मोठे ग्रुप बसतात, तिथे मी दर वेळी मराठी ऐकतो. म्हणून आपल्याच माणसांना सांगतोय. पोंचो झाडीवर वाळत घालू नका, वाट सोडून फोटोसाठी उतारावर शिरू नका. एका माणसाने मोडलेली वाट दुसऱ्या दिवशी पन्नास जण वापरतात.

केतकी_म

तारखांचं विचारते. आम्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघावं की ऑगस्टच्या दुसऱ्या? १५ ऑगस्टची सुट्टी जोडून घ्यावी का? नांदेडहून माझी मावशीही येतेय.

रानवाटा

१५ ऑगस्टच्या आसपास नको. दिल्लीकडची सगळी सुट्टी तिथेच येते, घांघरियात खोली मिळेना अशी अवस्था होते.

जुलैत एक वेगळी अडचण आहे जी आपल्याकडच्यांना चटकन लक्षात येत नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. तेव्हा कावड यात्रा असते आणि हरिद्वार-ऋषिकेशचे रस्ते लाखो कावडियांनी भरतात, वाहतूक वळवतात. ती गर्दी त्यांच्या श्रावणातल्या शिवरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्या आषाढ वद्य चतुर्दशीपर्यंत चालते. कालनिर्णय काढून बघा. दीप अमावास्या झाली की हरिद्वारचा रस्ता मोकळा झालेला असतो आणि घाटीत तोवर बहर आलेला असतो. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी हरिद्वार सोडा.

चारधाम यात्रेची ऑनलाइन नोंदणी हेमकुंडलाही लागते. सगळ्यांची करून घ्या, छापील प्रत जवळ ठेवा.

गोदाकाठ

मावशींना सांगा, नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने दिल्लीपर्यंत येता येईल, पुढे हरिद्वारची गाडी. तुम्ही पुण्याहून येणार असाल तर सगळ्यांनी हरिद्वारला भेटणं सोयीचं.

आणि गोविंदघाटच्या गुरुद्वाऱ्यात गठडीघर आहे. बद्रीनाथसाठी आणलेलं जास्तीचं सामान तिथे ठेवा, टोकन घ्या. वर एका माणसामागे एकच सॅक. आईंची औषधं मात्र त्या गठडीत ठेवू नका, स्वतःच्या खांद्यावरच असू द्या, कारण खेचरवाला कधी पुढे निघून जातो आणि घांघरियालाच भेटतो.

केतकी_म

ठरलं. अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवसाची हरिद्वारची तिकिटं बघते, घांघरियाला चार रात्री. बाबांची तपासणी याच शनिवारी. स्टेथोस्कोप ताई, रिपोर्ट आले की तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, चालेल ना?

स्टेथोस्कोप

चालेल. ईसीजीबरोबर टू-डी इकोही करून घे, आणि आईच्या गुडघ्याचा एक्स-रे जुना असेल तर नवा काढ.